गुप्तधन, वॉरंटीसकट

हौसेखातर पहिला मेटल डिटेक्टर घेऊ पाहणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी सापडतात ते व्हिडिओ. इंग्लंडातलं नांगरलेलं शेत, गमबूट घातलेले एक गृहस्थ, कानावर हेडफोन, हातात लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला तबकडी. तबकडी 'टुईं' करते, गृहस्थ गुडघे टेकतात, ढेकूळ फोडतात आणि आतून रोमन सम्राट बाहेर येतो. आमच्या घरी हा सम्राट रात्री साडेदहानंतर येतो. नवऱ्याने ऑफिसचा लॅपटॉप मिटला की त्याचं राज्य सुरू.

सिंगापुरातल्या मराठी संसाराचे टप्पे ठरलेले असतात. आधी पीआर म्हणजे कायमचा रहिवास, मग फ्लॅट, मग पोरांची पीएसएलई म्हणजे सहावीची परीक्षा. त्यातून सुटका झाली की नवरे एकदम मोकळे होतात आणि त्यांना छंद लागतो. नाही लागला तर ते लावून घेतात. आमच्या ओळखीतल्या एकाने कॉफीचं यंत्र घेतलं आणि तेव्हापासून तो आमच्याकडचा चहा पिताना तोंड वाकडं करतो. दुसरा पहाटे चारला उठून पक्ष्यांचे फोटो काढायला जातो आणि दिवसभर आम्हाला ते दाखवतो. त्या मानाने जमिनीतल्या वस्तू शोधणं हा प्रकार मला निरुपद्रवी वाटला होता.

उपद्रव सुरू झाला तो एक्सेलमधून. नवरा आयटीतला, त्यामुळे कुठलीही हौस आधी तक्त्यात उतरते. आडवे रकाने यंत्रांचे: ऑस्ट्रेलियाचं मिनेलॅब, अमेरिकेचं गॅरेट, तुर्कस्तानचं नोक्टा, फ्रान्सचं एक्सपी. उभे रकाने वजन, बॅटरी, तबकडीचा व्यास, पाण्यात किती मीटर चालतं, वॉरंटी. आमचं लग्न ठरलं तेव्हा याने इतके रकाने केले नव्हते. तेव्हा फक्त पत्रिका होती, आणि तीही सासूबाईंनी बघितली होती.

यातलं विज्ञान मात्र मला आवडलं. तबकडीत तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून उलटसुलट वीज खेळवली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या टापूत धातूचा तुकडा आला की त्याच्या अंगात बारीक प्रवाह भोवऱ्यासारखे फिरू लागतात आणि त्यांचा उलट परिणाम दुसरं वेटोळं टिपतं. बस. बाकी सगळी किंमत आहे ती हा परिणाम कशामुळे झाला असेल याच्या अंदाजाची.

आणि अंदाजाची पहिली परीक्षा होते मिठात. खारं पाणी विजेचं वाहक असतं. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं साधं यंत्र, म्हणजे नवशिक्यांना दुकानदार प्रेमाने दाखवतात ती व्हीएलएफ जात, कोरड्या वाळूवर शहाण्यासारखं वागतं. ओल्या वाळूवर नेलं की ते लग्नघरातल्या आत्याबाईंसारखं होतं: खाली काही असो वा नसो, तक्रार चालूच. पल्स इंडक्शन नावाची दुसरी जात मिठाला भीक घालत नाही, खोलवरचंही पकडते. पण तिला सोनं आणि खिळा सारखेच, त्यामुळे आवाज झाला की खणायचं आणि निघेल ते पदरात घ्यायचं. या दोहोंच्या मधली वाट म्हणजे मल्टि-फ्रिक्वेन्सी. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर ऐकायचं आणि त्यातून मिठाची कुरकुर वजा करायची. मिनेलॅबने २०१८ मध्ये इक्विनॉक्स काढलं आणि ही सोय हौशी माणसाच्या खिशाच्या बऱ्यापैकी जवळ आली. सिंगापूर हे बेट आहे, म्हणजे इथे सुरुवात समुद्रकाठीच होणार, हे नवऱ्याला एक्सेलच्या तिसऱ्या आवृत्तीत उमगलं. मग त्याने पहिल्या दोन आवृत्त्यांमधली निम्मी यंत्रं लाल केली. मिनेलॅबच्याच व्हॅनक्विशची तबकडी पाण्यात चालते पण वरची पेटी नाही, म्हणून ते पिवळं झालं. लाटेला पेटी कुठे आणि तबकडी कुठे हे समजत नाही, असं त्याचं म्हणणं. ते मला पटलं.

दरम्यान मित्राचं एक यंत्र चाचणीसाठी घरी आलं. यंत्राच्या पुढ्यात एकेक वस्तू धरून पाहण्याला या लोकांत एअर टेस्ट म्हणतात. आमच्या एचडीबीच्या, म्हणजे सरकारी, फ्लॅटमध्ये ती करणं म्हणजे यंत्राचा छळ, कारण खालच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळया. बैठकीच्या खोलीत तबकडी खाली नेली की ते ओरडे, स्वयंपाकघरात नेली की आणखी ओरडे. देवघरापाशी तर बोलायलाच नको. तिथे समई, तांब्या, पळी, ताम्हण आणि खाली सळया.

नवऱ्याला हिणवू नये म्हणून सांगते, या अडचणीत याहून मोठी माणसं सापडली आहेत. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. ती शरीरात नेमकी कुठे आहे ते डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं प्रवाहाच्या तोलावर चालणारं यंत्र घेऊन व्हाइट हाउसमध्ये गेले. यंत्र बरोबर होतं. अध्यक्ष झोपले होते त्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय गोळी उजवीकडेच आहे असं मुख्य डॉक्टरांचं ठाम मत, त्यामुळे शोध उजवीकडेच. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरात अध्यक्ष वारले. म्हणून चाचणी लाकडी टेबलावर करावी, आणि मुख्य माणसाच्या ठाम मतापासून दूर करावी.

आमची चाचणी मग लाकडी टेबलावर झाली आणि त्यासाठी माझे दागिने मागण्यात आले. यंत्राच्या पडद्यावर शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत आकडे येतात. लोखंड तळाशी, चांदी वरच्या टोकाला, सोनं मध्ये कुठेतरी. माझी बावीस कॅरटची अंगठी तबकडीपुढे धरली, आकडा आला. नवऱ्याने तो लिहून घेतला. मग त्याने टायगर बिअरच्या डब्याची कडी धरली. आकडा जवळपास तोच. पुन्हा अंगठी, पुन्हा कडी. सोनं आणि ॲल्युमिनियमचे असे छोटे तुकडे यंत्राला एकाच पट्ट्यात दिसतात, हे जगभरच्या शोधकांचं जुनं दुखणं आहे. कड्या टाळायच्या म्हणून यंत्राला तो पट्टा गाळायला सांगितला तर अंगठ्याही गाळल्या जातात. नाजूक सोनसाखळीची तर आणखी गंमत. अखंड साखळी यंत्राला दिसतच नाही, त्याला दिसते एकेक कडी, आणि ती एवढीशी की आवाजच होत नाही. माझी चेन तबकडीवरून चार वेळा गेली, यंत्र ढिम्म. सराफाने घडणावळ घेतली ती ज्या नाजूक कामाची, त्या कामाला यंत्राच्या लेखी किंमत शून्य.

नाण्यांची गोष्ट त्याहून विचित्र. सिंगापूरने जून २०१३ मध्ये नाण्यांची तिसरी मालिका काढली. तिच्यातली नाणी आतून पोलादाची, वर दुसऱ्या धातूंचे थर. व्हेंडिंग मशीनला खरी-खोटी ओळखता यावीत ही त्यामागची सोय. पण मेटल डिटेक्टरला ही नाणी खिळ्यांच्या भाऊबंदांत मोडतात की बाहेर, ते नीट ठरवता येत नाही. लोखंड गाळ असं त्याला सांगितलं की राष्ट्राचं चलनही गाळलं जायची भीती. सापडायला सोपी ती १९६७ ची पहिली मालिका. तिच्यात दहा सेंटवर समुद्रघोडा होता आणि वीस सेंटवर तलवारमासा. पण ती वापरात असताना किती जणांनी वाळूत पाडली असेल? आणि आता तर कोणी नाणं पाडतच नाही. हॉकर सेंटरमधले आजोबासुद्धा उसाच्या रसाचे पैसे क्यूआर कोडवर घेतात. क्यूआर कोड वाळूत पडला तरी वाजत नाही.

नाशिकला रामकुंडावर पोरं दोरीला चुंबक बांधून गोदावरीत सोडतात आणि भाविकांनी टाकलेली स्टीलची नाणी वर काढतात. सॉफ्टवेअर अपडेट नाही, हेडफोन नाही. त्यांना नवऱ्याचा तक्ता दाखवायची माझी इच्छा आहे.

पण यंत्र कुठलंही घेतलं तरी सिंगापुरातला खरा घोळ जमिनीचा आहे. ईस्ट कोस्ट पार्क ही इथल्या शोधकांची आवडती जागा, कारण तिथे लोक बसतात, पोहतात, भाजतात, खातात आणि हरवतात. पण हा किनारा मुळात समुद्र होता. १९६६ पासून भराव घालायला सुरुवात झाली. बेडोक आणि सिगलाप भागातल्या टेकड्या कापून ती माती समुद्रात लोटली. म्हणजे आपण जिथे प्राचीन खजिना शोधतो आहोत ती जमीन माझ्या सासऱ्यांपेक्षा वयाने लहान आहे. तिच्यात पुरून ठेवायला एखादा राजा आला असेलच तर तो पोहत आला असणार. सेंटोसाच्या किनाऱ्यांवरची वाळूही बाहेरून आणून पसरलेली. या वाळूत सापडतं ते ताजं: बार्बेक्यूचे चुरगळलेले फॉइल, तंबूच्या खुंट्या, कड्या, चाव्या, आणि क्वचित एखादी लग्नाची अंगठी. पाण्यात गेलं की बोटं गारठून बारीक होतात आणि अंगठी सुटते. सनस्क्रीनचा हात असेल तर आणखी लवकर.

जुनं सोनं या बेटावर सापडलं आहे, नाही असं नाही. १९२८ मध्ये फोर्ट कॅनिंगच्या टेकडीवर पाण्याची टाकी बांधताना मजुरांच्या कुदळीला चौदाव्या शतकातले सोन्याचे दागिने लागले. त्यातल्या दंडावरच्या बाजूबंदावर एक मुखवटा आहे. आपल्या देवळांच्या उंबऱ्यावर असतं त्या कीर्तिमुखाचा हा जावामधला नातलग, तिकडे त्याला काल म्हणतात. बरेच दागिने पुढे महायुद्धाच्या धामधुमीत नाहीसे झाले. उरले ते राष्ट्रीय संग्रहालयात बघायला मिळतात. नवरा ते बघून आला आणि घरी येऊन म्हणाला, 'बघ, टेकडी!' मी त्याला टेकडीवरचे नियम वाचायला दिले. बुकिट तिमाहपासून लॅब्रडोरपर्यंत इथली निसर्ग राखीव क्षेत्रं कडक पहाऱ्यात आहेत. परवानगीशिवाय तिथे खणणं किंवा काही उचलून आणणं गुन्हा आहे. आणि जंगलातली जमीन जे देते ते नेहमी सोनंच असतं असं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अप्पर बुकिट तिमाहला एका बांधकामाच्या जागी महायुद्धातला शंभर किलोचा बॉम्ब निघाला. चार हजारांवर लोकांना घराबाहेर काढून तो जागच्या जागी उडवला. चांगी बीचच्या वाळूवर तर १९४२ च्या फेब्रुवारीत जपानी सैन्याने ६६ चिनी पुरुषांना गोळ्या घातल्या. तिथे स्मारकाचा फलक आहे. तो वाचल्यावर त्या किनाऱ्यावर यंत्र फिरवायचं नवऱ्याने स्वतःच टाळलं.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर अंगठीचंही सांगून टाकते. सिंगापूरचा दंड कायदा १८७१ चा आणि तो बेतला आपल्याकडच्या १८६० च्या भारतीय दंड संहितेवरून. त्या संहितेच्या कलम ४०३ खाली उदाहरणं दिली होती. रस्त्यावर एक रुपया सापडला, मालक माहीत नाही, उचलला: गुन्हा नाही. मौल्यवान अंगठी सापडली, मालक शोधायचा प्रयत्नही न करता लगेच विकली: गुन्हा. म्हणजे ज्या वस्तूसाठी यंत्र घ्यायचं ती सापडली की आधी धन्याचा शोध घ्यायचा. नवऱ्याने तक्त्यात 'अपेक्षित परतावा' असा रकाना केला होता, तो मी तेव्हा काढायला लावला.

ही सगळी बातमी वाईला सासरी पोचली, कारण रविवारच्या व्हिडिओ कॉलमध्ये काही लपत नाही. सासूबाईंना यंत्राचं नवल वाटलं नाही, त्याच्या किमतीचं वाटलं.

"अगं, आमच्या लहानपणी पायाळू माणूस आणायचे. डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीतला हंडा दिसायचा म्हणे त्याला."

"दिसायचा का खरंच, आई?"

"कुणाला ठाऊक! पण उसण भरली की त्याचीच लाथ मारून घ्यायचे. ते मात्र व्हायचं बरं."

उपयोग एकाहून जास्त, बॅटरी नको, चहापोह्यांवर काम. पुढे सासूबाईंनी मुलाविषयी निकाल दिला. "पायाळू पायाकडून जन्मतो, हा तर डोक्याकडून जन्मला. आणि फ्रिजमध्ये समोर ठेवलेलं दही सापडत नाही त्याला, हा काय खजिना शोधतोय!"

मी हसले, पण प्रकरण वाटतं तितकं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. गुप्तधनाच्या नावाखाली आपल्याकडे इतके अघोरी प्रकार झाले की २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या डौंडिया खेडा गावी एका साधूला हजार टन सोन्याचं स्वप्न पडलं आणि ऑक्टोबरात पुरातत्त्व खात्याने खरोखर खणायला घेतलं. सोनं निघालं नाही. निघालं असतं तरी १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं की कलेक्टरला लेखी कळवायला लागतं. हजार टनांचा अर्ज कसा लिहिला असता, याची मला उत्सुकता आहे. या साऱ्यांत मला खरे व्यवहारी वाटतात ते झारेकरी. ते हंड्याच्या मागे लागले नाहीत. सराफकट्ट्यावरची धूळ आणि गटारातला गाळ विकत घेतला, चाळला, धुतला आणि सोन्याचे कण काढले. सोनं जिथे विकतात तिथेच ते सांडतं, एवढी साधी गोष्ट त्यांना कळली होती.

किमतीवरून मात्र आमच्यात वाद झाला. त्याचं म्हणणं, महाग यंत्र खोल बघतं. मी स्टॅफर्डशरचं उदाहरण दिलं. २००९ मध्ये टेरी हर्बर्ट या गृहस्थाला तिथल्या शेतात अँग्लो-सॅक्सन सोन्याचा प्रचंड साठा सापडला, त्याचं मोल बत्तीस लाख पंच्याऐंशी हजार पौंड ठरलं. त्याचं यंत्र जुनं, अडीच पौंडांना घेतलेलं, असं तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. यावर नवऱ्याने हॉक्सनचा साठा काढला. १९९२ मध्ये एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला म्हणून एरिक लॉज त्याच्यासाठी यंत्र फिरवत होता, आणि सापडली सुमारे पंधरा हजार रोमन नाणी. यातून महाग यंत्राची बाजू कशी सिद्ध होते ते मला कळलं नाही. मला त्यातला हातोडा आवडला. तोही सापडला आणि तोही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

अखेर यंत्र आलं ते कॅरोसेल या जुन्या वस्तूंच्या ॲपवरून, सेकंडहँड. विकणारे अंकल एमआरटी स्टेशनच्या गेटपाशी ते गोल्फच्या पिशवीत घालून घेऊन आले. नवऱ्याने वीसेक प्रश्न विचारले. प्रत्येकाला उत्तर एकच: "कॅन, कॅन." सगळ्यात जास्त काय सापडलं, हा प्रश्न मी विचारला. अंकल थोडा वेळ विचार करून म्हणाले, "चाव्या. पुष्कळ चाव्या." सोबत वाळू गाळायचा स्टीलचा झारा त्यांनी फुकट दिला. नंतर मला कळलं की ओल्या वाळूत यंत्राइतकंच काम हा झारा करतो, आणि नवीन घ्यायला गेलं तर त्याची किंमत ऐकून आपणच खड्ड्यात उतरतो.

तर कोणी माझं मत विचारलंच, तर ते असं. सिंगापुरात पहिला मेटल डिटेक्टर घ्यायचा तर मल्टि-फ्रिक्वेन्सीचा घ्या, पेटीसकट पाण्यात चालणारा घ्या, आणि हलका घ्या. इथल्या दमटपणात अर्ध्या तासाने प्रत्येक शंभर ग्रॅम खांद्याला कळतो. दहा-अकरा इंचांची तबकडी पुरते. नेमकी जागा दाखवणारा छोटा पिनपॉइंटर घ्या, नाहीतर एका कडीसाठी न्हाणीघराएवढा खड्डा होतो. नवीन यंत्राच्या मागे लागू नका, या छंदातून लवकर बाहेर पडणारे खूप असतात आणि त्यांची यंत्रं कोरी असतात. किनारा ज्या खात्याच्या ताब्यात असेल त्याचे नियम आधी वाचा, खड्डा बुजवा, फॉइल आणि कड्या कचराकुंडीत टाका, अंगठी सापडली तर धनी शोधा. आणि सोनंच हवं असेल तर सेरंगून रोडला जा. तिथे ते काचेमागे मांडलेलं असतं, वजन करून मिळतं आणि पावतीही मिळते.